स्वस्त रोड बाइकचे गिअर: शिफ्टर बदलण्याआधी केबल बदला

ठाणे आणि नवी मुंबईत पहिली रोड बाइक घेतलेल्यांची तक्रार बहुधा सारखीच असते. नवी होती तेव्हा गिअर अलगद पडायचे. एक पावसाळा गेला आणि क्लिक दिल्यावर चेन दोन-तीन पेडल मारल्यावर सरकायला लागली, कधी एकदम दोन गिअर ओलांडायला लागली. मग कुणीतरी सांगतं, शिफ्टर (गिअर बदलायचा हँडलवरचा लिव्हर) स्वस्तातला आहे, वरच्या श्रेणीचा टाका. दहापैकी निदान सात-आठ वेळा हा सल्ला चुकीचा असतो. शिफ्टर ठणठणीत असतो. बिघडलेली असते केबल, तिचं आउटर (केबलभोवतीची नळी), किंवा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ज्यावर टांगलेला असतो तो हँगर. शिफ्टरच्या जोडीपुढे या तिन्हींचा खर्च किरकोळ आहे. म्हणून आधी तिकडे पाहायचं.

कोणता शिफ्टर काय देतो

शिमानोच्या रोड मालिकेत खालून वर टूर्नी ए०७० मागे ७ गिअरचा, क्लॅरिस ८, सोरा ९ आणि टियाग्रा १० गिअरचा. मायक्रोशिफ्ट या दुसऱ्या कंपनीचे ८, ९ आणि १० गिअरचे शिफ्टरही या वर्गातल्या सायकलींवर दिसतात.

टूर्नीत ब्रेक लिव्हर आत ढकलला की चेन मोठ्या चक्रावर जाते आणि हूडच्या (ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीच्या) आतल्या बाजूला असलेलं बटण अंगठ्याने दाबलं की लहान चक्रावर. चालवणारे याबद्दल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: हँडल खालून, म्हणजे ड्रॉपमधून धरलं की अंगठा बटणापर्यंत पोचत नाही. पाम बीच रोडवर समोरून खाडीचा वारा असताना वाकून चालवताय आणि प्रत्येक गिअरला हात वर न्यावा लागतोय, तर हा त्रास रोजचा होतो. फक्त हूडवर हात ठेवून चालवणाऱ्याला मात्र टूर्नी वर्षानुवर्षं पुरतो.

क्लॅरिस आणि सोरात बटणाऐवजी ब्रेक लिव्हरच्या मागे छोटा लिव्हर असतो, तो ड्रॉपमधूनही बोटाला लागतो. २०१७ मध्ये आलेल्या आर२००० क्लॅरिसपासून गिअरची केबल हँडलच्या टेपखालून जाते. त्याआधी ती हूडच्या बाजूने बाहेर निघायची. टेपखालची केबल दिसायला नेटकी, पण तिला जास्त वळणं घ्यावी लागतात. आउटर जुनं किंवा चुकीच्या लांबीचं असेल तर घर्षण इथेच वाढतं.

मायक्रोशिफ्टमध्ये ब्रेक लिव्हर आडवा हलत नाही. त्याच्या मागे दोन वेगळे लिव्हर असतात, मोठा लिव्हर चेन मोठ्या चक्रावर चढवायला आणि लहान ती उतरवायला. क्लिकचा आवाज मोठा आणि कडक येतो. काहींना तो खटकतो, पण पावसाळी हातमोजे घालून चालवणाऱ्यांना गिअर पडल्याची खात्री त्यामुळेच मिळते. शिमानोवरून मायक्रोशिफ्टवर आलेल्यांच्या बोटांना सवय व्हायला आठ-दहा दिवस लागतात.

खाडीकाठच्या हवेसाठी कोणता घ्यावा असं विचाराल तर आमचं मत स्पष्ट आहे: ८ गिअर. ८ गिअरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचात, दोन चक्रांमधलं अंतर ४.८ मिलीमीटर असतं, १० गिअरमध्ये साधारण ३.९५. केबल थोडी अडकली आणि डिरेलर अर्धा मिलीमीटर चुकीच्या जागी थांबला, तर ८ गिअरवर चेन थोडी कुरकुरते एवढंच. १० गिअरवर ती उडते. शिवाय ८ गिअरची चेन, केबल आणि कॅसेट साध्या दुकानातही मिळून जाते.

आधी निदान, मग पाना

एक गोष्ट समजून घेतली की अर्धं काम होतं. मोठ्या चक्रावर चेन चढवताना केबल तुमचं मनगट ओढतं. लहान चक्रावर उतरवताना केबल सैल सोडली जाते आणि डिरेलरला परत नेते फक्त त्याची स्प्रिंग. मनगटात जोर भरपूर, स्प्रिंगमध्ये थोडा. म्हणून आउटरमध्ये गंज, मीठ किंवा धूळ साचली की आधी उतरणं बिघडतं. चढताना ठीक आणि उतरताना आळशी, हे घर्षणाचं लक्षण. उतरताना ठीक पण चढताना आळशी, तर केबल सैल झाली आहे. बॅरल ॲडजस्टर, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करणारा हाताने फिरवायचा स्क्रू, फिरवला की काम होतं.

८ गिअरच्या शिमानोत एका क्लिकला केबल जेमतेम २.८ मिलीमीटर सरकते. त्यातला अर्धा मिलीमीटर गंजाने खाल्ला तर काय उरणार?

घर्षण तपासायला हत्यार लागत नाही. सायकल उचलून धरा, पेडल फिरवून चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर न्या. आता पेडल थांबवा आणि चाक न फिरवता शिफ्टर सगळ्यात लहान चक्राच्या गिअरपर्यंत क्लिक करत आणा. चेन जागेवरच राहील आणि केबल ढिली पडेल. फ्रेमवरच्या खाचांमधून आउटरचे तुकडे बाहेर काढा आणि प्रत्येक तुकडा आतल्या तारेवर पुढे-मागे सरकवून पाहा. दोन बोटांनी अलगद सरकला तर ठीक. खरखर लागली, तपकिरी पाणी आलं किंवा जोर लावावा लागला, तर तो तुकडा बाद. सगळ्यात आधी खराब सापडतो तो मागच्या डिरेलरकडे वळणारा शेवटचा गोल तुकडा, कारण चाकाने उडवलेलं पाणी त्यातच शिरतं. केबल फ्रेमच्या आतून जात असेल तर ही तपासणी जमत नाही; तिथे डिरेलरकडची तार सोडून हाताने ओढून अंदाज घ्यावा लागतो.

आउटर चांगलं निघालं तर हँगर. मागे उभे राहून पाहा: डिरेलरची दोन्ही छोटी चक्रं मागच्या चक्रांच्या सरळ रेषेत, एकाखाली एक दिसली पाहिजेत. खालचं चाकाकडे झुकलं असेल तर हँगर वाकला आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल उजव्या बाजूला पडली, लिफ्टमध्ये उभी कोंबली, गाडीच्या डिकीत आडवी ठेवली, एवढं त्याला पुरतं. त्याची खूण अशी की लहान चक्रांवर गिअर नीट बसवले तर मोठ्यांवर बिघडतात आणि मोठ्यांवर बसवले तर लहानांवर. कुठल्याच ताणाला सगळे गिअर जुळत नाहीत. वाकलेल्या हँगरवर स्क्रू फिरवत बसणं व्यर्थ आहे. दुकानात हँगर सरळ करायचं खास हत्यार असतं. ॲल्युमिनिअमचा हँगर दुसऱ्यांदा वाकला तर नवाच घ्या, आणि तो तुमच्याच फ्रेमच्या आकाराचा लागतो हे विसरू नका.

मागची गिअर केबल बदलणे

सामान: १.२ मिलीमीटरची गिअरची तार, किमान २१०० मिलीमीटर लांब. ४ मिलीमीटरचं गिअरचं आउटर, दोन्ही शिफ्टरना मिळून साधारण २ मीटर. आउटरच्या टोकांना लागणाऱ्या टोप्या सहा-आठ. तारेच्या शेंड्याला लावायची टोपी. हत्यारं: ५ मिलीमीटरची एलन की, चांगलं केबल कटर, बारीक कानस, दाभण. केबल टेपखालून असेल तर नवी हँडल टेपही आणून ठेवा, जुनी उलगडताना बहुधा फाटते. ब्रेकचं ५ मिलीमीटरचं आउटर गिअरला वापरू नका, ते दाबलं जातं आणि क्लिक हरवते. उलट मात्र कधीच करायचं नाही: गिअरचं आउटर ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक दाबताना ते फुटू शकतं.

उजवा शिफ्टर सगळ्यात लहान चक्राच्या गिअरवर आणा, क्लिक संपेपर्यंत. याच स्थितीत तारेचं डोकं भोकासमोर येतं. इतर स्थितीत ते आत अडकून राहतं. डिरेलरकडची तारेची टोपी कापून टाका, बोल्ट सैल करा, हूडची रबरी कड मागे दुमडा आणि तार खालून वर ढकला. डोकं बाहेर डोकावलं की चिमट्याने ओढून काढा.

तार बाहेर येत नसेल किंवा डोक्याजवळ पिंजलेली दिसली तर थांबा. शिफ्टरच्या आतल्या वळणावर तारेचे धागे एकेक करून तुटतात, आणि जोर लावत क्लिक करत राहिलं तर तुटके धागे दात्यांमध्ये शिरतात. बारीक चिमट्याने एकेक धागा काढावा लागतो, वेळ लागला तरी. याची पूर्वसूचना मिळते: दर दोन-चार दिवसांनी बॅरल ॲडजस्टर थोडं थोडं फिरवावं लागत असेल तर तार ताणली जात नाहीये, आत तुटते आहे. त्याच आठवड्यात बदला. डोकं पूर्ण तुटून शिफ्टरमध्ये राहिलं तर काढण्याचं काम कितीतरी किचकट होतं.

जुन्या आउटरच्या मापाने नवं कापा. कापलेलं टोक चपटं होतं. कानशीने काटकोनात घासा आणि आतलं प्लॅस्टिक दाभणाने गोल उघडा. ही दोन मिनिटं वाचवली तर नवं आउटरही जुन्यासारखंच अडकतं. टोप्या बसवा, तार ओवा. आउटरमध्ये चेनचं तेल ओतू नका, त्यावर धूळ चिकटून महिन्याभरात घट्ट लेप होतो. बॉटम ब्रॅकेटखाली (पेडलचे दांडे जिथे फ्रेमला जोडतात तिथे) तार ज्या प्लॅस्टिकच्या खाचेतून जाते ती जुन्या टूथब्रशने घासून कोरडी करा. घोडबंदर रोडवर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर रोज चालवणाऱ्यांच्या सायकलीत तिथे चिखलाचा दगड झालेला असतो.

तार बांधण्याआधी पुढच्या भागात सांगितलेला एच स्क्रू पाहून घ्या. बॅरल ॲडजस्टर पूर्ण आत बसवून मग दोन फेऱ्या बाहेर काढा. तार हाताने ताणून बोल्टच्या खाचेत बसवा आणि ६ ते ७ न्यूटन मीटरने आवळा. तार वॉशरच्या चुकीच्या बाजूने गेली तर एका क्लिकला होणारी हालचालच बदलते, मग कितीही जुळवलं तरी एखादा गिअर चुकतो. जुन्या तारेने वॉशरवर उमटवलेली खूण पाहून त्याच बाजूला बसवा. डाउन ट्यूबवरची (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरची) उघडी तार तळव्याने दोन-तीनदा ओढा, आउटर टोप्यांमध्ये घट्ट बसेल. ढिली झालेली तार पुन्हा ओढून बांधा. तीन-चार सेंटीमीटर शेंडा ठेवून कापा आणि टोपी दाबून बसवा.

जुळवणी, याच क्रमाने

आधी मर्यादेचे स्क्रू, म्हणजे डिरेलर दोन्ही टोकांना किती सरकेल ते ठरवणारे. तार बांधण्यापूर्वी, चेन सगळ्यात लहान चक्रावर असताना मागून पाहा: डिरेलरचं वरचं छोटं चक्र त्या चक्राच्या बरोबर खाली यायला हवं. नसेल तर एच लिहिलेला स्क्रू फिरवा. तार बांधल्यावर सगळ्यात मोठ्या चक्रावर जा आणि एल लिहिलेला स्क्रू असा ठेवा की लिव्हर जोरात ढकलला तरी चेन आऱ्यांकडे जाणार नाही. एल स्क्रू चुकला तर येऊरच्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकताना चेन आऱ्यांमध्ये घुसते. डिरेलर, हँगर आणि आरे तिन्ही एका क्षणात जातात. म्हणून हा स्क्रू घाईत बसवायचा नाही.

मग ताण. सगळ्यात लहान चक्रावरून एक क्लिक द्या, चेन दुसऱ्यावर जायला हवी. गेली नाही तर बॅरल ॲडजस्टर स्क्रू सोडल्यासारखं अर्धी फेरी फिरवा. गेल्यावर पेडल फिरवत लिव्हर पुढची क्लिक लागणार नाही एवढाच दाबा: चेन तिसऱ्या चक्राला हलकीच घासल्याचा आवाज आला आणि लिव्हर सोडताच थांबला, तर ताण अचूक. आवाज आलाच नाही तर पाव फेरी ताणा. सोडल्यावरही राहिला तर पाव फेरी सैल करा.

शेवटी बी स्क्रू, म्हणजे डिरेलर मागच्या चक्रांपासून किती दूर राहील ते ठरवणारा. पुढे लहान, मागे सगळ्यात मोठं चक्र असताना वरच्या छोट्या चक्राच्या आणि मोठ्या चक्राच्या दात्यांमध्ये ५-६ मिलीमीटर फट ठेवा. फट नसेल तर घरघर, जास्त असेल तर सगळेच गिअर मंद.

पुढच्या डिरेलरला तेवढा वेळ लागत नाही, पण त्याची जागा चुकली तर पुढचं काहीच जमत नाही. पिंजऱ्याची, म्हणजे चेन ज्यातून जाते त्या चौकटीची, बाहेरची पट्टी मोठ्या चक्राच्या दात्यांपासून १ ते ३ मिलीमीटर वर आणि त्याला समांतर हवी. पुढे लहान, मागे मोठं चक्र असताना चेन आणि आतल्या पट्टीत जास्तीत जास्त अर्धा मिलीमीटर फट. पुढे मोठं, मागे लहान असताना बाहेरच्या पट्टीशी तेवढीच.

चढ आणि दात्यांचा हिशेब

क्लॅरिसच्या सायकलींवर पुढे ५०-३४ दाते असतात. मागे सगळ्यात मोठं चक्र २८ चं असेल तर मिनिटाला ६० फेऱ्यांनी सगळ्यात हलक्या गिअरमध्ये वेग येतो ताशी साधारण ९.२ किलोमीटर. ३२ चं चक्र असेल तर त्याच फेऱ्यांना ८, आणि ३४ चं असेल तर ७.६. पारसिक हिलच्या चढावर गुडघे दुखत असतील तर शिफ्टर नाही, कॅसेट बदला. आधी डिरेलरची क्षमता पाहा: आर२००० क्लॅरिसचा लांब पिंजऱ्याचा डिरेलर, नावात जीएस असलेला, ३४ दात्यांपर्यंत चालतो. आखूड पिंजऱ्याला तेवढं जमत नाही. मोठी कॅसेट लावली की चेनही नवी मोजा: पुढे आणि मागे मोठ्या चक्रांवरून, डिरेलरमधून न नेता गुंडाळा आणि जिथे टोकं भेटतात त्यापुढे आणखी दोन कड्या ठेवा.

चढाच्या आधी पुढचा गिअर लहान करा, चढात नाही. जोर लावलेल्या चेनवर पुढचा डिरेलर हतबल असतो. पिंजरा वाकण्याचं आणि चेन उतरण्याचं कारण बहुधा हेच.

खरंच वरचा शिफ्टर घ्यायचा असेल तर

शिमानोचे ७, ८ आणि ९ गिअरचे मागचे डिरेलर केबल ओढल्याच्या प्रमाणात सारखेच सरकतात. म्हणून टूर्नीवरून क्लॅरिसवर जाताना जुना मागचा डिरेलर चालतो, आणि ७ व ८ गिअरची चेनही एकच. अडचण मागच्या चाकात येते. ७ गिअरच्या बऱ्याच सायकलींवर कॅसेट नसते, आट्यांवर बसवलेलं फ्रीव्हील असतं. ८ गिअरचं फ्रीव्हील मिळतं, पण त्यात ॲक्सलचा बराच भाग बेअरिंगच्या बाहेर आधाराशिवाय राहतो आणि आपल्या खड्ड्यांत तो वाकतो. त्यापेक्षा फ्रीहब (ज्यावर कॅसेट बसते तो हब) असलेलं चाक घ्या. ते घेतलं की पुढे सोरापर्यंत जायला चाक बदलावं लागत नाही.

टियाग्रा ४७०० मात्र जपून. तो १० गिअरचा असला तरी त्याची केबल ओढण्याची पद्धत ११ गिअरसारखी आहे. जुन्या १० गिअरच्या किंवा ८-९ गिअरच्या डिरेलरबरोबर तो जुळत नाही. वापरलेले भाग एकेक करून जमवणारे इथेच फसतात.

हायब्रिडला ड्रॉप हँडल बसवणाऱ्यांसाठी: रोड शिफ्टरचा ब्रेक लिव्हर केबल कमी ओढतो, हायब्रिडवरच्या व्ही-ब्रेकला जास्त लागते. तशीच जोडणी केली तर लिव्हर हँडलला टेकला तरी ब्रेक लागत नाही. मिनी व्ही-ब्रेक बसवा किंवा हा बेत सोडा. इथे तडजोड नको.

वापरलेल्या सायकलीतला ‘मेलेला’ शिफ्टर

वर्षभर बाल्कनीत उभी राहिलेली सायकल स्वस्तात मिळते आणि तिचा लिव्हर हलतो, पण क्लिक लागत नाही. बहुतेक वेळा आतलं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं. तार काढा, हूड दुमडा, खाली फडकं धरा, टायर-रिम झाका. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे लिव्हरच्या मागच्या फटीतून यंत्रणेवर मारा आणि दोन्ही लिव्हर पन्नासेकदा हलवा. काळं पाणी गळेल. स्वच्छ येईपर्यंत करा, रात्रभर सुकू द्या, मग पातळ तेलाचे चार थेंब द्या, कारण असा स्प्रे ग्रीस धुतो, त्याची जागा घेत नाही. यंत्रणा स्क्रू काढून उघडू नका. आतल्या स्प्रिंग उडाल्या की परत बसत नाहीत. दोनदा धुऊनही क्लिक आली नाही तर शिफ्टर बदलणंच योग्य.

चेन आणि पावसाळा

चेन मोजायला फूटपट्टी पुरते. नव्या चेनच्या पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर ३०४.८ मिलीमीटर असतं. ते ३०७ झालं की ८ गिअरची चेन बदला. ३०८ ओलांडलं तर कॅसेटही गेलेली असते आणि नवी चेन जुन्या दात्यांवर उडेल. वेळेवर बदलत राहिलं तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन सहज होतात.

तारा मेच्या अखेरीस बदला, पावसानंतर नाही. नवी तार आणि स्वच्छ आउटर घेऊन पावसात शिरणारी सायकल ऑक्टोबरपर्यंत टिकते. जून ते सप्टेंबर दाट, ओल्यात टिकणारं तेल, प्रत्येक कडीवर एक थेंब, आणि वरचं फडक्याने पुसून टाका. भिजून आल्यावर सायकल तशीच उभी करू नका: साध्या पाण्याने धुवा, चेन पुसा, तेल द्या, आणि मागच्या गोल आउटरच्या खालच्या टोकातून पाणी निघावं म्हणून तार दोन-चार वेळा पूर्ण चढवून-उतरवून घ्या. जोराच्या धारेने गाड्या धुण्याचं मशीन लावलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं, त्यापेक्षा बादली-मग बरा.

नव्या तारेनंतर पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये आउटर टोप्यांमध्ये बसतं आणि ताण थोडा उतरतो. तेव्हा बॅरल ॲडजस्टर पाव फेरी बाहेर काढा. हे एकदाच करावं लागतं. पुन्हा पुन्हा लागत असेल तर बोल्ट सैल आहे किंवा तार आतून पिंजायला लागली आहे.